गोशेन ते लेक्सिंग्टन : कोवळ्या घोड्यांची कमाई

न्यूयॉर्क शहरातून रूट १७ धरून वायव्येला निघालं की दीडेक तासात ऑरेंज काउंटी लागते. टेकड्या, गोठे आणि मध्येच सपाट, काळीभोर शेतं. जुनी दलदल उपसून मोकळी केलेली ही माती कांद्यासाठी प्रसिद्ध आहे, हे कळल्यावर नाशिकच्या माणसाला गाडी थांबवावीशी वाटेल. जुलै महिन्यात या रस्त्यावर बहुतेक गाड्या गोशेनच्या लेगोलँडकडे वळणाऱ्या, मागच्या सीटवर मुलं असलेल्या. आम्हीही गोशेनलाच निघालो होतो, पण दोन वर्षांचे घोडे बघायला. गाडी चालवत होती न्यू जर्सीतल्या एडिसनला राहणारी माझी भाची.

"मावशी, घोडे बघायला एवढ्या लांब? महालक्ष्मी काय वाईट होतं?"

महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर जे दिसत नाही ते इथे दिसतं : हार्नेस रेसिंग. घोड्याच्या पाठीवर कुणी बसत नाही. घोडा सल्की नावाची दोन चाकांची गाडी ओढतो आणि ड्रायव्हर तिच्यावर पाय पुढे पसरून, जवळजवळ घोड्याच्या शेपटीला टेकून बसतो. आपल्या शर्यतीच्या छकड्याला बैलजोडीऐवजी एकच घोडा जुंपला आणि छकडा सायकलीसारखा हलका केला, तर चित्र बरंचसं जमतं. फक्त इथे घोड्याला चौखूर उधळायची मुभा नाही. ट्रॉटर घोडा दुडकीनेच धावतो, म्हणजे पुढचा डावा आणि मागचा उजवा पाय एकाच वेळी उचलतो. पेसर घोडा एका बाजूचे दोन्ही पाय एकदम उचलतो. ती चाल मोडू नये म्हणून बहुतेक पेसरांच्या पायांत पट्टे अडकवलेले असतात. चाल मोडली तर ड्रायव्हरने लगाम खेचून घोड्याला लगेच ताळ्यावर आणायचं आणि तोवर बाकीच्यांना पुढे जाऊ द्यायचं. पूर्ण वेगात, पण ठरलेल्या चालीत : सगळा खेळ या दोन अटींमधल्या ताणावर उभा आहे. दोन वर्षांच्या घोड्यात हा ताण सर्वांत जास्त दिसतो, आणि अमेरिकेत या खेळातला मोठा पैसाही दोन आणि तीन वर्षांच्या घोड्यांवरच लागलेला असतो.

चेस्टर : १२५ डॉलरची खरेदी

गोशेनच्या अलीकडे चेस्टर लागतं. छोटं, उतरतं गाव. १८७२ च्या सुमारास इथल्या विल्यम लॉरेन्सने बनवलेलं क्रीम चीज आज 'फिलाडेल्फिया' नावाने जगभर खपतं, पण गावाचा खरा अभिमान आहे एका घोड्याची समाधी. हॅम्बलटोनियन अव्हेन्यूवर ग्रॅनाइटचा एक स्तंभ उभा आहे आणि त्याच्याखाली हॅम्बलटोनियन नावाचा घोडा पुरलेला आहे. जन्म १८४९, शेजारच्या शुगर लोफ गावात. मृत्यू १८७६.

जोनास सीली नावाच्या शेतकऱ्याकडे एक लंगडी घोडी होती. तिला झालेलं शिंगरू शेतावर काम करणाऱ्या विल्यम रिस्डिकच्या मनात भरलं. घोडी आणि शिंगरू, दोन्ही मिळून १२५ डॉलरला सौदा झाला. मजुरी करणाऱ्या माणसाला ही रक्कम लहान नव्हती. १८५२ मध्ये तीन वर्षांचा हा घोडा लाँग आयलंडच्या युनियन कोर्सवर घड्याळाविरुद्ध धावला आणि त्याने मैलभराचं अंतर २ मिनिटं ४८.५ सेकंदांत तोडलं. शर्यतीतली त्याची कारकीर्द एवढीच म्हणता येईल. त्याने नाव काढलं ते बाप म्हणून. त्याच्यापासून १,३३१ शिंगरं झाल्याची नोंद आहे आणि भर ओसरण्याआधी एका घोडीमागे त्याची फी ५०० डॉलरपर्यंत चढली होती. आज अमेरिकेत सल्की ओढणारा जवळजवळ प्रत्येक घोडा पितृवंशाने त्याच्यापाशी पोचतो.

पुढे १८७९ मध्ये पैदासकारांच्या संघटनेने नियम केला : जो ट्रॉटर मैलभर अंतर अडीच मिनिटांत तोडेल, तो या जातीच्या नोंदवहीत बसेल. स्टँडर्डब्रेड हे जातीचं नाव या कसोटीवरून आलं. रंग, उंची किंवा डौल यांना तिथे स्थान नव्हतं. घड्याळ लावायचं आणि वंश ठरवायचा. समाधीपाशी उभं राहिल्यावर पुढच्या सगळ्या प्रवासाचं सूत्र इथेच सापडतं : माणसाने ज्या गोष्टीला बक्षीस ठेवलं, घोडा तसा होत गेला.

गोशेन : गावाच्या मधोमध अर्धा मैल

गोशेनचा 'हिस्टॉरिक ट्रॅक' १८३८ पासूनचा. अमेरिकेत आजही वापरात असलेला हा सर्वांत जुना हार्नेस ट्रॅक, आणि १९६६ पासून राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ. त्याच्यासाठी शहराबाहेर कुठे जावं लागत नाही. चर्च, कोर्ट, दुकानं आणि त्यांच्या मागे थेट ट्रॅक. कडेच्या घरांच्या परसातून शर्यत दिसते. लांबी अर्धा मैल, म्हणजे मैलाच्या शर्यतीला दोन फेऱ्या. लाकडी ग्रँडस्टँड, आइसक्रीमची रांग, घडीच्या खुर्च्या घेऊन आलेली कुटुंबं. इथे बेटिंगची खिडकी नाही. लोकांना खरोखरच घोडे बघायचे असतात.

शेजारीच हार्नेस रेसिंगचं संग्रहालय आहे, १९५१ मध्ये जुन्या 'गुड टाइम' पागेच्या इमारतीत सुरू झालेलं. घोड्यांची ठाणं होती त्या जागी आता चित्रं, सल्क्या आणि नालांचे नमुने मांडलेले आहेत. आधी उंच चाकांची जुनी सल्की बघावी, मग १८९२ नंतरची हवा भरलेल्या छोट्या टायरांची. चाकं बदलताच एका हंगामात वेळ काही सेकंदांनी उतरली. एका दालनात खेळातल्या मोठ्या माणसांचे हुबेहूब छोटे पुतळे आहेत, आणि सल्कीवर बसून शर्यतीचा अनुभव देणारं एक यंत्रही आहे. भाची त्याच्यावरून उतरली तेव्हा तिने पहिली गोष्ट केली ती म्हणजे चेहरा पुसण्यासाठी रुमाल मागितला. चिखल अर्थात पडद्यावरचा होता.

दुपारी दोन वर्षांच्यांची शर्यत. वयाचा हिशेब इथे सरळ आहे : घोडा कुठल्याही महिन्यात जन्मलेला असो, १ जानेवारीला तो एक वर्षाने मोठा होतो. त्यामुळे फेब्रुवारीत जन्मलेलं आणि मेअखेर जन्मलेलं शिंगरू एकाच ओळीत उभं राहतं. त्या वयात तीन-चार महिन्यांचा फरक डोळ्यांना दिसतो. काही घोडे भरलेले, काही नुसतेच उंच, अजून मागचा भाग पुढच्यापेक्षा वर असलेले. मागच्या शरद ऋतूत त्यांच्या अंगावर पहिल्यांदा साज चढला. हिवाळाभर ते मैलोन्‌मैल संथ दुडकीने चालले. वसंतात वेग वाढवला, मग पात्रता फेरी झाली. त्या फेरीत बक्षीस नसतं; ठरलेल्या वेळेत आणि ठरलेल्या चालीत मैल पूर्ण करून दाखवायचा, तेव्हा खऱ्या शर्यतीची परवानगी.

सुरुवात एका मोटारीच्या मागे होते. तिच्या मागच्या बाजूला दोन लांब पंखांसारखी फाटकं असतात. घोडे त्या फाटकांना नाक लावून धावू लागतात, मोटार वेग घेते, सुरुवातीच्या रेषेपाशी पंख मिटतात आणि ती पुढे निघून जाते. स्टीफन फिलिप्सची ही युक्ती १९४६ मध्ये लाँग आयलंडच्या रूझवेल्ट रेसवेवर वापरात आली. त्याआधी सगळे घोडे एका ओळीत येईपर्यंत पुन्हा पुन्हा माघारी बोलवावे लागत आणि प्रेक्षक कंटाळून जात. रात्रीच्या, बेटिंगच्या शर्यती त्यानंतरच नीट चालू लागल्या.

आमच्या समोरच्या शर्यतीत पहिल्याच वळणावर दोघांची चाल मोडली. एकाचा ड्रायव्हर मागे रेलला, लगाम ताणला, घोडा चौखुरावरून दुडकीवर आला, पण तोपर्यंत बाकीचे पंधरा-वीस लांब्या पुढे. भाचीला वाईट वाटलं. शेजारी खुर्ची टाकून बसलेल्या आजोबांना मात्र आनंद झाला. दोन वर्षांचा घोडा एवढ्या गोंधळातून परत चालीवर येतो, म्हणजे तो पुढे शिकणार, असं त्यांनी आम्हाला समजावलं. ड्रायव्हरांचे कपडेही लक्षात आले. महालक्ष्मीला जॉकी मालकाचे रंग घालतो. इथे प्रत्येक ड्रायव्हरचे स्वतःचे रंग ठरलेले असतात, घोडा कुणाचाही असो. अनोळखी घोड्यांच्या घोळक्यात लोक माणसाला ओळखून ओरडतात.

बक्षिसाचं वाटपही पाठ करायला सोपं आहे. पहिल्या पाच क्रमांकांना अनुक्रमे ५०, २५, १२, ८ आणि ५ टक्के. समजा रक्कम १०,००० डॉलर असेल, तर पहिल्याला ५,०००, पाचव्याला ५००, सहाव्याला काही नाही. मालकाच्या वाट्यातून ट्रेनरला पाच टक्के आणि ड्रायव्हरला पाच टक्के. चारा, पागेचं भाडं, नालबंद आणि पशुवैद्य यांची बिलं मात्र सहाव्या आलेल्या घोड्यालाही तेवढीच येतात.

जन्माआधी भरलेली फी

मग मोठी बक्षिसं उभी राहतात कशी? पहिली वाट मालकांच्याच खिशातून जाते. केंटकी फ्युचुरिटी ही शर्यत १८९३ पासून चालू आहे. अशा जुन्या शर्यतींत घोडी गाभण असतानाच पोटातल्या शिंगराचं नाव नोंदवलं जाई. नंतरच्या पद्धतीत शिंगरू वर्षाचं असताना पहिली फी भरतात, मग दोन वर्षांचं झाल्यावर दुसरी, तीन वर्षांचं झाल्यावर आणखी, आणि शेवटी धावण्याच्या दिवसाची वेगळी. मध्ये एक हप्ता चुकला की नाव वगळलं जातं. हप्ता भरताना कुणालाच माहीत नसतं की घोडा धावेल का. काही लंगडे होतात, काही मंद निघतात, काहींची चाल कधीच बसत नाही. त्या सगळ्यांच्या मालकांनी भरलेले पैसे मागे राहतात आणि अंतिम फेरीतल्या मोजक्या घोड्यांच्या बक्षिसात जमा होतात. जिंकणाऱ्याच्या धनादेशात न धावलेल्या शेकडो घोड्यांचा वाटा असतो.

दुसरी वाट सरकारी धोरणाची. न्यूयॉर्क राज्याने १९६१ मध्ये 'सायर स्टेक्स' सुरू केल्या. दोन आणि तीन वर्षांच्या घोड्यांसाठीच्या या शर्यतीत भाग घ्यायचा तर बाप न्यूयॉर्कमध्ये नोंदलेला, तिथेच पैदाशीला ठेवलेला असावा लागतो. हेतू शेतीचा आहे : घोडा राज्यात राहिला तर गवत, दाणा, नालबंद, कुंपणाची लाकडं, सगळ्यावरचा खर्च राज्यात राहतो आणि कुरणं बिल्डरांकडे जात नाहीत. मोठ्या ट्रॅकपासून तालुक्याच्या जत्रेपर्यंत या मालिकेच्या पायऱ्या आहेत. त्यामुळे साधारण कुवतीच्या शिंगरालाही आपल्या पातळीवर कमाईची संधी मिळते. पेनसिल्व्हेनिया, ओहायो, इंडियाना, केंटकी आणि कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतानेही हीच वाट धरली. आता पैदासकार घोड्याची निवड करताना वंशाबरोबर राज्याची तिजोरीही बघतो. थरोब्रेडमध्ये, म्हणजे महालक्ष्मीवर धावणाऱ्या जातीत, घोडा-घोडीचा प्रत्यक्ष संयोग सक्तीचा आहे. स्टँडर्डब्रेडमध्ये कृत्रिम रेतन चालतं. त्यामुळे बाप एका राज्यात आणि आई हजार मैलांवर असली तरी अडत नाही.

कोवळ्या वयात घोड्याला वेग शिकवण्याची रीत मात्र या पूर्वेकडच्या गावांतली नाही. ती घडली कॅलिफोर्नियात, आणि जागा मराठी वाचकाच्या चांगल्या ओळखीची आहे. रेल्वेसम्राट लेलंड स्टॅनफर्ड यांनी १८७६ मध्ये पालो आल्टोला घोड्यांचं फार्म उभारलं आणि पैदाशीसाठी याच ऑरेंज काउंटीतून हॅम्बलटोनियनचा मुलगा इलेक्शनिअर नेला. घोडा चार-पाच वर्षांचा होईपर्यंत थांबण्याची तेव्हाची पद्धत त्यांनी मोडली. ट्रेनर चार्ल्स मार्विन यांनी वर्षाच्या शिंगरांसाठी छोटा, आच्छादलेला ट्रॅक केला. लांब पल्ल्याऐवजी थोड्या अंतराची चपळ दौड करून घ्यायची आणि दमण्याआधी थांबवायचं. जून १८७८ मध्ये एडवर्ड मायब्रिज यांनी ओळीने कॅमेरे लावून घोड्याच्या हालचालीची जी प्रसिद्ध छायाचित्रं काढली, तीही इथलीच. त्यांतल्या एका मालिकेत सल्की ओढणारा एब एजिंग्टन हा ट्रॉटर आहे. १८९१ मध्ये इलेक्शनिअरचा मुलगा एरियन याने दोन वर्षांचा असताना मैल २ मिनिटं १०.७५ सेकंदांत तोडला आणि तो १,२५,००० डॉलरला विकला गेला. आजोबाची किंमत १२५, त्यातही आई धरून. नातवाची बरोबर हजारपट. त्याच वर्षी त्या फार्मच्या जमिनीवर स्टॅनफर्ड विद्यापीठ सुरू झालं. विद्यार्थी आजही आपल्या आवाराला 'द फार्म' म्हणतात, आणि जुनी लाल पागा तिथे उभी आहे.

मेडोलँड्स : दहा लाखांचा शनिवार

ऑगस्टचा पहिला शनिवार हॅम्बलटोनियन शर्यतीचा. चेस्टरला पुरलेल्या घोड्याच्या नावाने, तीन वर्षांच्या ट्रॉटरांसाठी. १९२६ मध्ये सिरॅक्यूजला ती पहिल्यांदा झाली तेव्हा रक्कम ७३,४५१ डॉलर होती आणि गाय मॅकिनी नावाचा घोडा जिंकला. पुढे ती १९३० पासून १९५६ पर्यंत गोशेनच्याच 'गुड टाइम पार्क' या दुसऱ्या, मैलभराच्या ट्रॅकवर रमली. मध्ये फक्त १९४३ चं युद्धवर्ष गेलं. तिथेच १९३५ मध्ये ग्रेहाउंड जिंकला. वर्षाचा असताना ९०० डॉलरला विकलेला, खच्ची केलेला हा करडा घोडा. १९३८ मध्ये त्याने केलेला १ मिनिट ५५.२५ सेकंदांचा विक्रम ट्रॉटरांमध्ये १९६९ पर्यंत टिकला. गोशेननंतर ही शर्यत इलिनॉयला गेली आणि १९८१ पासून न्यू जर्सीच्या मेडोलँड्सला आहे.

गोशेनहून मेडोलँड्सला येणं म्हणजे जत्रेतून विमानतळावर येणं. हायवे, मेटलाइफ स्टेडियम, पार्किंगचा सागर, आणि त्यात १९७६ मध्ये सुरू झालेला मैलभराचा ट्रॅक. एडिसनपासून अर्ध्या-पाऊण तासाचं अंतर असूनही भाची इथे कधी आली नव्हती. शेजारच्या स्टेडियमवर मात्र तिच्या खेपा होत असतात.

हॅम्बलटोनियनची रक्कम अलीकडे दहा लाख डॉलर किंवा त्याच्या आगेमागे असते. दिवसभरात घोड्यांच्या वेगवेगळ्या वयोगटांच्या मोठ्या शर्यती असतात, त्यांत दोन वर्षांच्यांच्याही. कधी घोड्या मुख्य शर्यतीत नरांसमोर उतरतात : २०१८ मध्ये अटलांटा जिंकली, २०२० मध्ये रमोना हिल. रमोना हिलची वेळ होती १ मिनिट ५०.२ सेकंद. ग्रेहाउंडने पूर्ण वाढ झाल्यावर गाठलेल्या वेळेपेक्षा पाच सेकंदांनी कमी, तीही तीन वर्षांची असताना. टायर, ट्रॅक, पशुवैद्यक यांचा वाटा त्यात आहेच, पण मोठा वाटा निवडीचा. शंभर वर्षं लवकर तयार होणाऱ्या घोड्यालाच पैसा मिळाला आणि त्याचीच संतती वाढली.

या ट्रॅकवर एक विलक्षण आकडा नोंदलेला आहे. १९८४ ची वुड्रो विल्सन पेस २१,६१,००० डॉलरची होती. तोपर्यंत हार्नेस रेसिंगमध्ये एवढी रक्कम कुणी पाहिली नव्हती, आणि ती होती दोन वर्षांच्या घोड्यांसाठी. निहिलेटर जिंकला. पुढे ती रक्कम टिकली नाही. शर्यत आटत गेली आणि अखेर बंद पडली. पण कल्पना मेली नाही. कॅनडात वुडबाइन मोहॉक पार्कने २०२० मध्ये दोन वर्षांच्या ट्रॉटरांसाठी 'मोहॉक मिलियन' सुरू केली. तिच्यात घोडा नोंदवण्याऐवजी जागा विकत घेतात, एक लाख डॉलरला एक. आधी जागा घ्यायची, मग उन्हाळ्यात कुठला घोडा तयार होतो ते बघून त्याला उतरवायचं, किंवा ती जागा दुसऱ्याला द्यायची. फ्युचुरिटीतला सव्वाशे वर्षांपूर्वीचा जुगार नव्या कागदावर.

मेडोलँड्सच्या ग्रँडस्टँडमध्ये तिसरी वाट दिसते : बेटिंग आणि कॅसिनो. बऱ्याच राज्यांत ट्रॅकला लागून खेळयंत्रांची दालनं आली आणि त्यांच्या उत्पन्नाचा हिस्सा कायद्याने बक्षिसांकडे वळला. न्यूयॉर्क आणि पेनसिल्व्हेनियात तसं झालं. न्यू जर्सीत ट्रॅकवर कॅसिनोला परवानगी नसल्याने मेडोलँड्स मागे पडलं. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर इथे इतर खेळांवरच्या बेटिंगचा काउंटर सुरू झाला, तेव्हा थोडा श्वास मिळाला. अशा पैशाचा भरवसा किती, हे ऑन्टारियोने दाखवलं. तिथल्या सरकारने २०१२ मध्ये ट्रॅकला मिळणारा यंत्रांचा हिस्सा बंद करण्याची घोषणा केली आणि पुढच्या वर्षी तो थांबला. घोडी गाभण राहण्यापासून शिंगरू पहिल्यांदा धावेपर्यंत तीन वर्षं जातात. पैदासकारांनी जुन्या रकमेच्या हिशेबाने जन्माला घातलेली शिंगरं कोसळत्या बाजारात आली.

लेक्सिंग्टन : लाल माती, लिलावाचा हातोडा

ऑक्टोबरच्या सुरुवातीला केंटकीतल्या लेक्सिंग्टनला जावं. 'रेड माइल' १८७५ पासूनचा, नावाप्रमाणे लाल चिकणमातीचा. घोड्यांना ही माती मानवते आणि विक्रम इथे पडतात. १९८० मध्ये तीन वर्षांचा नायाट्रॉस इथे घड्याळाविरुद्ध १ मिनिट ४९.२ सेकंदांत धावला. त्याआधी एक मिनिट पन्नासची भिंत कुणी ओलांडली नव्हती. चार वर्षांनी वुड्रो विल्सन जिंकणारा तो निहिलेटर याचाच मुलगा. २०१८ मध्ये होमिसाइड हंटर याने ट्रॉटरांचा १ मिनिट ४८.८ सेकंदांचा विक्रम इथेच केला. केंटकी फ्युचुरिटीही इथलीच.

दुपारी शर्यती, संध्याकाळी वर्षाच्या शिंगरांचा लिलाव. रिंगणात एकेक शिंगरू येतं, मोतद्दार त्याला फिरवतो, बोली चढते. खरेदीदार सकाळी पागेत जाऊन त्याचे गुडघे चाचपून, चालवून, मागून-पुढून बघून आलेले असतात. कॅटलॉगमध्ये शिंगराबद्दल फारसं काही नसतं, कारण त्याने अजून काही केलेलंच नाही. सगळं पान आईचं, आजीचं आणि त्यांच्या इतर मुलांनी दोन आणि तीन वर्षांच्या वयात मिळवलेल्या रकमांचं. मधूनच कुणाला लॉटरी लागते. २००६ मध्ये इथे ४०,००० डॉलरला विकलेला समबीचसमवेअर हा पेसर २१ शर्यतींपैकी २० जिंकला आणि त्याने तीस लाख डॉलरहून अधिक कमाई केली. ट्रेनर ब्रेंट मॅकग्रा नोव्हा स्कोशियात मोटारी विकणारे. तीन वर्षांचा हंगाम संपताच घोडा निवृत्त होऊन पैदाशीला गेला.

निवृत्तीचं हे वय खेळाच्या हिशेबातूनच येतं. चार वर्षांच्या घोड्यासाठी मोठ्या शर्यती कमी, आणि उत्तम नराला पैदाशीतून मिळणारी फी बक्षिसांपेक्षा निश्चित. त्यामुळे प्रेक्षकांना ज्याचं नाव पाठ झालं तो घोडा पुढच्या वर्षी दिसत नाही. जो चांगला निघाला नाही त्याची वाट वेगळी. पेनसिल्व्हेनिया आणि ओहायोतले आमिश लोक ट्रॅकवरून बाद झालेले स्टँडर्डब्रेड बग्गीसाठी विकत घेतात. रहदारीत न बिचकणारा, मैलोन्‌मैल दुडकीने जाणारा घोडा त्यांना हवाच असतो. काहींना दत्तक घेणाऱ्या संस्था घर शोधून देतात, पण सर्वांना ते मिळतंच असं नाही.

दोन वर्षांच्या घोड्याला पळवावं का, हा वाद लिलावाच्या बाहेर कॉफीच्या कपावर सतत चालतो. पुढच्या पायाच्या गुडघ्यावरच्या हाडाची वाढ साधारण दोन ते अडीच वर्षांत पूर्ण होते, म्हणून सावध ट्रेनर एक्स-रे बघून वेग वाढवतो. दुसरी बाजूही खरी आहे : वाढत्या हाडाला बेताचा व्यायाम मिळाला तर ते त्या कामासाठी भक्कम होतं. धोका आहे तो घाईत, आणि घाई येते तारखांमधून. हप्ते भरलेले असतात, अंतिम फेरीचा दिवस ठरलेला असतो, आणि घोडा आणखी महिनाभराने तयार होणार असेल तर ती रक्कम गेली.

सगळं जग असं चालत नाही. पॅरिसच्या व्हॅन्सेन ट्रॅकवर १९२० पासून होणारी प्री दामेरिक ही ट्रॉटरांची सर्वांत मानाची शर्यत चार ते दहा वर्षांच्या घोड्यांसाठी आहे आणि अंतर २,७०० मीटर. स्टॉकहोमच्या एलिटलोप्पेट शर्यतीलाही पूर्ण वाढ झालेले घोडेच येतात. आपली इंडियन डर्बीदेखील चार वर्षांच्या घोड्यांची. पैसा पुढच्या वयाला ठेवला की घोड्याला थांबायला वेळ मिळतो, आणि लोकांना एकच नाव वर्षानुवर्षं बघायला मिळतं. अमेरिकेतही अधूनमधून एखादा घोडा हे दाखवून देतो. फॉइल्ड अगेन हा खच्ची केलेला पेसर. पैदाशीचा प्रश्नच नव्हता, म्हणून तो धावत राहिला. नवव्या वर्षी ब्रीडर्स क्राउन ही मोठी शर्यत जिंकला, नियमाने शेवटच्या म्हणजे चौदाव्या वर्षापर्यंत पळाला आणि ७६ लाख डॉलरहून अधिक कमावून थांबला. पेसरांमध्ये एवढी कमाई कुणाची नव्हती.

जायचं असेल तर क्रम हाच ठेवावा : जुलैच्या सुरुवातीला गोशेन आणि चेस्टर, ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी मेडोलँड्स, ऑक्टोबरच्या आरंभी लेक्सिंग्टन. गोशेनला सकाळीच पोचावं. पागांच्या बाजूने फिरताना घोडे जवळून बघता येतात. लेक्सिंग्टनच्या लिलावात बघ्यांनाही बसता येतं, फक्त हात वर करून कुणाला ओळख दाखवू नये. आणि ट्रॅकवर कार्ड हातात आलं की घोड्याच्या नावाआधी शर्यतीची अट वाचावी : वय किती, बाप कुठल्या राज्याचा, फी कधी भरलेली. बक्षिसाचा पैसा कुणाच्या खिशातून आला आणि समोरचा घोडा पुढच्या वर्षी धावताना दिसेल का, हे त्या एका ओळीवरून बरंचसं कळतं.